ओळ जमिनीले लागू नये

हुडको कॉलनीतल्या आमच्या घराला पुढे छोटा वरांडा आहे. शनिवार-रविवारी दुपार कलली की तिथे मुलं जमतात, मी पेटी बाहेर काढतो आणि आम्ही गातो. कुणी शिकायला येतं, कुणाला आईने पाठवलेलं असतं, कुणी नुसतं बिस्किटासाठी येतं. मला सगळेच चालतात. बिस्किटासाठी आलेलं मूलही एकदा पेटीचा भाता उघडताना बघतं, आणि मग बिस्किट बराच वेळ हातातच राहतं.

दामिनी अशीच आली होती, तेव्हा ती सहावीत होती. आता अकरावीत आहे. रुआबांध्याहून सायकलने येते. गळा गोड म्हणावा असा नाही, पण ऐकते फार छान. दुसरं कुणी गात असलं की डोकं एका बाजूला कलतं, जणू गाणाऱ्याच्या मागे अजून कुणीतरी गातंय आणि हिला त्याचं ऐकायचं आहे.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी तिने सायकल लावली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. शाळेच्या फळ्यावरच्या सूचनेचा फोटो होता. टाऊनशिपच्या सेक्टरातल्या एका चर्चच्या गायकवृंदाने स्पर्धा ठेवली होती. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी नवं गाणं रचायचं. धर्म कुठलाही, भाषा कुठलीही, वाद्य नको. चार आवाजांसाठी लिहायचं, दोन बायकांचे आणि दोन पुरुषांचे. निवडलेली गाणी चर्चचे गाणारे नाताळाआधीच्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर गाणार होते, आणि त्यांतून पहिलं ठरणार होतं.

"तुले चर्चचं गाणं कावून करायचं आहे?" मी विचारलं.

"तिथं टाळ नाही वाजत, गुरुजी," ती म्हणाली.

मला लगेच उलगडलं नाही. तिने पायरीवर बसून सांगितलं तेव्हा उलगडलं.

तिचे वडील गुलाबराव इथल्या स्टील प्लांटमध्ये फिटर आहेत. घराणं भंडाऱ्याकडचं, धानाच्या शेतीतलं. गुलाबरावांचे वडील नोकरीला म्हणून इकडे छत्तीसगढात आले ते इकडचेच झाले. येताना त्यांनी गावाचं भजन बरोबर आणलं. रुआबांध्यात दर गुरुवारी मंडळ बसतं. पुढचा गाणारा ओळ म्हणतो आणि मागचे ती उचलतात, याला झील धरणं म्हणतात. गुलाबराव लहानपणापासून झील धरत आले. मंडळाचे जुने म्होरके श्यामराव आता नाहीत, पण त्यांचा एक नियम तिथे अजून पाळतात. ओळ जमिनीले लागू देऊ नका, असं ते म्हणत. पुढच्याचा सूर खाली यायच्या आत मागच्याने तो झेलला पाहिजे. मधे खिंड पडली की भजन मोडलं.

गुलाबरावांचे कान गेल्या काही वर्षांत उतरले. डॉक्टरांनी घराण्यातलं आहे म्हणून सांगितलं. त्यांच्या वडलांचंही असंच झालं होतं. कानात लावायचं मशीन मिळालं, पण मंडळात ते लावलं की दहा जणांचे टाळ डोक्यात फुटल्यासारखे होतात, आणि काढलं की पुढच्याची ओळ कुठे संपते ते कळत नाही. ते ओळीवर उशिरा येऊ लागले. कुणी काही बोललं नाही. फक्त बाजूचे जरा मोठ्याने गाऊ लागले, आणि तेवढ्यावरून गुलाबरावांना कळायचं ते कळलं. एका गुरुवारी त्यांनी आपले टाळ खिळ्याला अडकवले आणि आज ड्युटी आहे म्हणाले. तेव्हापासून दर गुरुवारी त्यांना ड्युटी असते.

"घरी मोबाईलवर गाणं लावलं तं बाबा म्हणते, नुसती किचकिच होते," दामिनी म्हणाली. "मंदिरात लाऊडस्पीकर. लग्नात डीजे. मी मैत्रिणीसंग चर्चमध्ये गेली होती, तिथं प्रॅक्टिस चालू होती. बस आवाज, गुरुजी. और कुछ नहीं. म्हटलं, बाबा मशीन लावून इथं बसले तं एक पूरं गाणं ऐकू येईन त्यांना. सुरूपासून शेवटपर्यंत."

"मंग एखाद्या रविवारी घेऊन जा त्यांना."

"म्हटलं ना मी. तं म्हणे, दुसऱ्याच्या देवाच्या घरी बिनकामाचं कावून जाऊन बसू. माझंच गाणं असलं तं यावंच लागन ना त्यांना?"

मी पेटी तिच्याकडे सरकवली.

मुलांना गाणं रचून देणारा मी नव्हे. मी फक्त विचारतो. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "बाबाले काय ऐकू येते आणि काय नाही, माहीत आहे तुले?" घरातल्या घरात राहून हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती धाकट्या बहिणीला, दिपालीला, बरोबर घेऊन आली. दोघींनी आठवडाभर वडलांवर पाळत ठेवली होती.

"कुकरची शिट्टी नाही येत," दामिनीने सांगितलं. "आईची हाक नाही येत, म्हणून ती भांडं आपटते. शेजारच्या दौलतकाकांचा खोकला येते. मालगाडी येते. कुणी हळू आणि जाड आवाजात बोललं तं येते."

"मले चॉकलेट पाहिजे, हे नाही येत," दिपाली म्हणाली. "पण मी आईले हळूच सांगतलं की बाबाले नको सांगू, तं ते बरोब्बर येते."

म्हणजे सूर खालचा हवा, लांब हवा, आणि शब्द थोडे. दामिनीने शब्द एका संध्याकाळी शोधले. त्यांच्या क्वार्टरचं दार हिवाळ्यातही उघडं असतं, कारण वडलांना कडी वाजवलेली ऐकू येत नाही. शब्द तेवढेच होते: दार उघडं आहे, उजेडा, ये.

मला ते ऐकून बरं वाटलं. नाताळाच्या आधी चर्चमध्ये वाट बघण्याचे दिवस असतात, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. पण तिने काही जुळवायला म्हणून हे लिहिलं नव्हतं. तिच्या घरचं दार खरंच उघडं होतं.

मग कितीतरी दिवस ती त्या ओळीत राहायला गेल्यासारखी होती. सकाळी धुक्यात सायकल चालवताना ती 'ये' लांबवत यायची. रस्ता दिसत नसायचा, समोरून येणारा दूधवाला आधी घंटी होऊन यायचा आणि मग माणूस होऊन. ती सांगायची, धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, म्हणून सगळेच आवाज आपल्या जवळचे वाटतात. मी पेटीवर खालचा सा धरून ठेवायचो आणि ती त्यावर हळू हळू पाय टाकत चालायची. कधी वर जाताना थांबायची, म्हणायची, इथून पुढं बाबाले नाही दिसणार. ऐकू येण्याला ती दिसणं म्हणायला लागली होती, आणि मीही तिला टोकलं नाही.

गाणं तिने सरगमात लिहिलं. मी शिकवलेलं तेच तिला येतं. चार ओळी एकाखाली एक: सर्वांत वर खालच्या पुरुषी आवाजाची, मग उंच पुरुषी आवाजाची, मग बायकांच्या दोन. कागद नीट करून तिने पाठवला आणि ते गाणं निवडलं गेलं. ही बातमी सांगायला ती आली तेव्हा सायकलची चेन निसटलेली होती, आणि तशीच ढकलत ती हुडकोपर्यंत आली होती.

पहिल्या तालमीला तिने मला बरोबर नेलं. गुलाबराव परत न्यायला येणार होते.

चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुख एक्का मॅडम. मूळच्या जशपूरकडच्या, नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या आणि हसऱ्या. त्यांच्या गाणाऱ्यांत केरळचे होते, ओडिशाचे होते, छत्तीसगढी होते. मराठी कुणालाच येत नव्हती. दामिनीने अर्थ सांगितला.

"दरवाज़ा खुला है, उजाले, आ जा," एक्का मॅडम स्वतःशी म्हणाल्या. "अच्छा है. यीशु का नाम नहीं है, पर वो समझ जाएँगे."

सगळे हसले आणि उभे राहिले. मॅडमनी हात उचलला, आणि चारही ओळी एकदम सुरू झाल्या.

दामिनीचा हात माझ्या बाहीवर आला. मला क्षणभर काय चाललंय ते कळेना. मग कळलं. आमच्या डोक्यात चार आवाज म्हणजे चार पाळ्या. एक म्हणतो, दुसरा उचलतो, मग तिसरा, मग चौथा. मंडळात तसंच असतं, वरांड्यातही आम्ही तसंच गातो. तिने चार ओळी लिहिल्या त्या एकीने दुसरीला हातात द्यायला. पण तिथल्या लोकांच्या कागदावर एकाखाली एक लिहिलेल्या ओळी एकाच वेळी गायच्या असतात; त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. चार निवांत माणसांनी एकाच वेळी एकाच दारातून आत शिरावं, तसं ते गाणं झालं होतं. आणि प्रत्येक ओळ संपली की मॅडमचा हात किंचित मिटायचा, सगळे एकदम श्वास घ्यायचे, आणि मधे स्वच्छ शांतता पडायची. ती शांतता सुंदर होती. पण दामिनी प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत होती.

"कैसा लगा?" मॅडमनी विचारलं.

"मॅम, ये एक-एक करके गाना है. एक के बाद एक."

"तो फिर चार आवाज़ काहे के लिए हैं, बेटा? बाकी तीन क्या बस का इंतज़ार करेंगे?"

दामिनीलाही हसू आलं. तिने मंडळाची रीत समजावून सांगितली. एक्का मॅडमनी मनापासून ऐकलं आणि मग त्यांची अडचण सांगितली. स्पर्धेत चारही आवाज कुठेतरी एकत्र यायलाच हवेत, नाहीतर परीक्षक गाणं धरणार नाहीत आणि ते कार्यक्रमातही गाता येणार नाही. बदल करायचे असतील तर पुढच्या तालमीपर्यंत करून आण, त्या म्हणाल्या.

"और मॅम, लाइन के बाद रुकना नहीं है. बीच में खाली जगह नहीं आनी चाहिए."

"साँस तो लेनी पड़ेगी, बेटा. हम लोग ज़िंदा हैं."

बाहेर गुलाबराव स्कूटर घेऊन उभे होते. उंच, किंचित वाकलेला माणूस, स्वेटरवर मफलर. मला नमस्कार करताना त्यांनी छातीवर हात ठेवला. कानात मशीन होतं. दामिनीने लावायला लावलं असणार. खिडक्या उघड्या होत्या, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कसं वाटलं, बाबा?" दामिनीने त्यांच्या समोर उभं राहून, हळू आणि जाड आवाजात विचारलं.

"चांगलं होतं," गुलाबराव म्हणाले. मग मफलर सारखा करत म्हणाले, "बरेच लोक होते, नाही?"

दामिनीने मान हलवली. मग म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी गुरुजीसंग पायी येते." ते गेल्यावर तिने मफलरचा शेवट दिसेनासा होईपर्यंत रस्त्याकडे बघितलं.

"त्यांना काहीच नाही दिसलं, गुरुजी," ती म्हणाली. "नुसती गर्दी दिसली."

मी काही समजूत घातली नाही. मुलाला अडचण नीट दिसली असेल तर तिच्यावर पांघरूण घालायला जाऊ नये. आम्ही चालत रेल्वे फाटकापाशी आलो आणि फाटक पडलं.

नंदिनीच्या खाणीकडून आलेली मालगाडी सिग्नलला उभी होती. वाघिणी चुन्याच्या दगडाने भरलेल्या, पांढुरक्या. संध्याकाळ होत होती, प्लांटच्या बाजूचं आकाश तांबूस झालं होतं आणि ती पांढरी धूळही गुलाबी दिसत होती. फाटकाशी थांबलेले लोक आपापल्या गाड्या बंद करून गप्प उभे होते. मग सिग्नल मिळाला. इंजिन हललं, आणि पहिली वाघीण हलली. तिच्या साखळीने दुसरीला ओढलं, दुसरीने तिसरीला. तो खण् असा आवाज आमच्या समोरून गेला आणि लांब मागे, झाडांच्या पलीकडे, एका वाघिणीतून दुसरीत उतरत गेला. बराच वेळ पुढची गाडी चालत होती आणि मागची उभीच होती. मग सगळी गाडी एक होऊन चालायला लागली.

दामिनीने डोकं कलतं केलं होतं.

"माझे वडील गार्ड होते," मी म्हणालो. "ते म्हणायचे, गाडी सुटली हे गार्डाले सगळ्यात शेवटी कळते. इंजिन पुढच्या गावात पोचते तवा त्याच्या डब्यातला चहा हलते."

"आणि पहिली वाघीण थांबत नाही," ती म्हणाली.

"कावून थांबन?"

"तेच तं, गुरुजी. मी थांबवून राहिली होती तिले. एकाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरा. पहिल्यानं चालतच राहायचं. बाबाले तो एकदा दिसला की मंग तो हरवत नाही. मंग दुसरा आला तरी दोघं दिसन."

गाडीचा शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं, लोकांनी गाड्या सुरू केल्या.

नवं गाणं तसं झालं. सर्वांत खालचा आवाज एकटा सुरू होतो: दार उघडं आहे. त्याला पुरेसा वेळ मिळतो, ऐकणाऱ्याला त्याचा चेहरा ओळखीचा होईपर्यंत. मग तो आपल्या 'ये'वर चालत राहतो आणि दुसरा त्याच्याजवळ येऊन चालायला लागतो. मग तिसरा. चौथा, सर्वांत वरचा, अगदी उशिरा आणि थोडाच वेळ. तेवढा वेळ चौघे एकत्र असतात. मग एकेक जण कमी होत खालचा एकटा उरतो, त्याचा 'ये' उतरू लागतो, आणि तो टेकायच्या आत सगळे मिळून ओळ पुन्हा उचलतात. तेवढी एक झील तिने मंडळासाठी राखून ठेवली होती.

एक्का मॅडमनी कागद वाचला, दोनदा गुणगुणला आणि दामिनीच्या डोक्यावर थोपटलं. तालमी सुरू झाल्या. सगळं बसत गेलं, ती एक जागा सोडून. तिथे आल्यावर गाणाऱ्यांची जन्मभराची सवय आडवी यायची. ओळ संपली, मॅडमचा हात मिटला, सगळ्यांनी श्वास घेतला. अर्ध्यांनी आधी घ्या, अर्ध्यांनी नंतर घ्या, असं ठरायचं, एकदा जमायचं, पुढच्या वेळी पुन्हा खिंड पडायची. थॉमस अंकल म्हणून खालच्या आवाजाचे एक गृहस्थ होते, ते दर वेळी हात जोडून म्हणायचे, "सॉरी मोलू, मैं तो चालीस साल से वहीं साँस लेता हूँ." मोलू म्हणजे पोरी. दामिनीने शेवटी त्या जागेबद्दल बोलणं सोडून दिलं. मला मात्र वाटेत म्हणाली, "बाबा तिथंच उठून जाईन, गुरुजी. त्यांना वाटन संपलं."

नाताळाआधीच्या रविवारी थंडी चांगली होती. चर्चमध्ये कागदी चांदण्या लावल्या होत्या आणि प्रत्येक चांदणीत छोटा दिवा. दार उघडलं-मिटलं की त्या सगळ्या एकदम हलायच्या, आणि भिंतीवरचा उजेड पाण्यातल्यासारखा होऊन पुन्हा स्थिर व्हायचा.

गुलाबराव सहकुटुंब आले. त्यांनी दाराशी चपला काढल्या.

"बाबा, इथं घालून जाते," दिपाली म्हणाली.

"ज्याले घालायच्या त्याने घाला," ते म्हणाले आणि अनवाणी आत आले. फरशी बर्फासारखी होती. निशाताई, दामिनीची आई, पिशवीतून नारळ काढून मला विचारत होत्या, "गुरुजी, हा कुठं फोडते?" मला सांगता येईना. एक्का मॅडमनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि गोठ्याच्या देखाव्यात गवतावर, मेंढ्यांच्या शेजारी ठेवला. तिथे तो शोभला.

आम्ही मधल्या बाकावर बसलो. गुलाबराव कडेला. कानातलं मशीन त्यांनी बोटाने एकदा चाचपलं आणि हात मांडीवर ठेवले. दामिनी पुढे, स्पर्धेतल्या मुलांमध्ये. ती गाणाऱ्यांकडे बघत नव्हती, वळून आमच्याकडेच बघत होती.

आधीची गाणी झाली. नंदिनी नगरच्या एका मुलाचं फार सुंदर होतं, त्यात बायकांचे आवाज पाखरांसारखे वर उडत होते. मी गुलाबरावांकडे पाहिलं. ते सभ्यपणे बसले होते, लग्नात ओळखीचं कुणी नसलं की माणूस बसतो तसे.

मग तो खालचा आवाज सुरू झाला.

थॉमस अंकल आणि त्यांच्या शेजारचे दोघे. दार उघडं आहे. मराठी शब्द त्यांच्या तोंडून थोडे गोल होऊन येत होते. उजेडा. गुलाबरावांची मान किंचित पुढे आली. ये. तो सूर आमच्या पायांखालून जावा तसा बाकांमधून मागे गेला. त्याच्याशेजारी दुसरा येऊन चालायला लागला तेव्हा गुलाबरावांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलली. टाळ नसताना टाळाच्या जागी. तिसरा आला. कुठलं तरी दार उघडलं असावं, चांदण्या हलल्या, आणि मला वाटलं सगळं चर्चच हळूहळू सुटतंय, फाटकाशी उभे असलेले आपण मागे राहतोय आणि तरी बरोबर चाललोय. वरचा आवाज आला. गुलाबरावांना तो दिसला की नाही, मला माहीत नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मग एकेक आवाज कमी झाला. खालचा उरला. ये. तो उतरू लागला.

आणि एक्का मॅडमचा हात मिटला. तालमीत इतकं ठरवून, त्या शांत संध्याकाळी तो आपोआपच मिटला, जसा तो आयुष्यभर मिटत आला होता. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. पुढे दामिनीने डोळे मिटून घेतले.

सूर टेकणार, एवढ्यात माझ्या शेजारून तो वर उचलला गेला.

"दार उघडं आहे..."

गुलाबराव गात होते. मोठ्याने नव्हे. जाड, थोडा खरखरीत, मंडळात मागच्या रांगेत बसणाऱ्या माणसाचा आवाज. त्यांनी ठरवून केलं नव्हतं. उतरती ओळ समोर आली आणि त्यांनी ती झेलली. चर्चमध्ये बाकावर बसलेल्यांनी गायचं नसतं हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. पुढच्या दोन-तीन माना वळल्या. एक्का मॅडम वळल्या नाहीत. त्यांचा हात होता तिथेच थांबला, त्यांनी ऐकलं, आणि मग अगदी सावकाश तो उचलला. सगळे गाणारे गुलाबरावांच्या सुरावर येऊन उभे राहिले. 'उजेडा' सगळ्यांनी मिळून म्हटलं. 'ये' सगळ्यांनी मिळून म्हटलं. शेवटपर्यंत गुलाबराव त्यात होते, आणि शेवटी कुणाचा सूर आधी थांबला ते मला सांगता येणार नाही.

नंतर टाळ्या वाजल्या. त्या आवाजाने ते दचकले, डोळे उघडले, कानातलं मशीन काढून मुठीत धरलं आणि आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. ते आपल्या अनवाणी पायांकडे बघत बसले. निशाताईंनी पदराने डोळे पुसले आणि दिपालीला उगाचच नीट बस म्हणाल्या.

पहिलं बक्षीस नंदिनी नगरच्या मुलाला मिळालं, आणि ते योग्यच होतं. परीक्षकांमधले एक वयस्कर गृहस्थ दामिनीला म्हणाले, गाणं चांगलं आहे, पण बाकावरून आवाज आला, नियमात ते बसत नाही, आम्हाला गुण देता आले नाहीत. ती हो हो म्हणत होती, आणि त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

बाहेर दाराशी गुलाबराव चपला शोधत होते. एक पायात आली होती, दुसरी गर्दीत कुणाच्या तरी पायाने लांब सरकली होती. दामिनीने ती आणून त्यांच्या पुढे ठेवली. त्यांनी मशीन पुन्हा कानात बसवलं आणि ती समोर आहे याची खात्री केली.

"तुहं गाणं मी बिघडवलं का वं?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

चपलेत पाय घालता घालता ते थांबले. त्यांना जे विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

"मी उशिरा तं नाही आलो ना?"

"नाही, बाबा," दामिनी हळू आणि जाड आवाजात म्हणाली. "थोडे आधीच आले."

गुलाबरावांनी मान डोलावली.

"हं," ते म्हणाले. "आधीच यावं लागते."